येसाक्काच्या दारातले दगड

फार पूर्वीची गोष्ट आहे. तेव्हा राजा कोण होता आणि त्याची राजधानी कुठे होती, हे मला ठाऊक नाही. गोष्टीला त्याची गरजही नाही. लहानांनी पुढे बसावे, मोठ्यांनी मागे. कान मात्र दोघांनी द्यावेत.

डोंगराच्या पोटाशी एक गाव होते. जमीन खडकाळ, पाणी बेताचे, पण माणसे कष्टाळू. एकाची नांगरट अडली तर दुसरा न बोलावता औत घेऊन जाई. एकीच्या चुलीतला विस्तव विझला तर शेजारीण खापरीत निखारे घेऊन दारात उभी राही. असे गाव शोधून सापडत नाही.

पण त्या गावात दोन रीती होत्या.

पहिली रीत दगडाची. कोणी कोणाचे वाईट केले किंवा वाईट बोलले, तर दुखावलेल्या माणसाने एक दगड घ्यायचा. गावासमोर आपले गाऱ्हाणे मोठ्याने सांगायचे आणि तो दगड त्या माणसाच्या दाराशी ठेवायचा. ठेवलेला दगड कोणी उचलायचा नाही. ढीग वाढत वाढत उंबरठ्याला लागला, की त्या घराने गाव सोडायचे. रीत वाईट नव्हती. पाठीमागे कुजबुजण्यापेक्षा तोंडावर बोललेले बरे.

दुसरी रीत गप्प बसण्याची. चांगले केलेले तोंडाने काढायचे नाही. काढले की केल्याची माती होते, असे वाडवडील सांगून गेले होते. ही रीतही वाईट नव्हती. मूठभर धान्य देऊन गावभर सांगत फिरणारा माणूस कोणाला आवडतो?

पण गावाने ही रीत नको तितकी ताणली. करणारा गप्प बसे, ते ठीक. पुढे पुढे ज्याच्यासाठी केले तोही गप्प बसू लागला. ज्याने डोळ्यांनी पाहिले तोही गप्प. कोणी चुकून म्हणालाच, "काल माझी गाय चिखलात रुतली होती, तेव्हा त्या अमक्यानं..." की लगेच कोणीतरी दटावी, "गप! त्याच्या केल्याची माती करतोस काय?"

असे होता होता त्या गावात वाईट तेवढे मोठ्याने बोलले जाई, आणि चांगले सगळे मुक्याने होई. परका माणूस वेशीतून आत आला की दारोदारचे ढीग बघून पागोटे सावरी. त्याला वाटे, हे लबाडांचे गाव दिसते. आणि हळूहळू गावालाही आपल्याबद्दल तसेच वाटू लागले.

त्या गावात येसाक्का नावाची तेलीण राहत असे. नवरा लवकर गेला. मूलबाळ नाही. एक लाकडी घाणा, एक म्हातारा बैल आणि एक जीभ, एवढाच तिचा संसार. घाणा दिवसभर फिरे. जीभ घाण्याच्याही पुढे होती.

तेल घ्यायला आलेल्या बाईला ती म्हणे, "बुधली धुतलीस का कधी? की सासूनं दिली तशीच आणलीस?" दारावरून जाणाऱ्या पाटलाला म्हणे, "पाटील, मिशीला तेल लावता तेवढं जरा वेशीच्या दाराच्या कड्यांना लावा. गावभर कुरकुरतंय." तिच्या तोंडी लागायला कोणी धजत नसे. लोक तेल घेत, मान खाली घालत आणि दगड आणून ठेवत.

तिच्या दारातला ढीग गावात सगळ्यांत मोठा. आता तो उंबरठ्याला बोटभर कमी होता. एक दगड पडला की झाले.

येसाक्का रोज तो ढीग ओलांडून बाहेर येई. कधी त्यावर बसून पायातला काटा काढी. पण आतून तिला काय वाटत होते, ते तिने कोणाला कळू दिले नाही. त्या वयात, त्या बैलाला घेऊन, घाणा मागे टाकून ती जाणार कुठे?

आता खंडू गाडीवानाची गोष्ट ऐका.

खंडूची मुलगी चिमा लग्नाची झाली होती. नदीपलीकडच्या गावाहून तिला बघायला पाहुणे आले. मुलाचा बापही गाडीवान. खंडूने अंगणात घोंगडी अंथरली, डोक्याला नवा पटका बांधला. गाडीवानाची खरी श्रीमंती बैल. म्हणून त्याने बैलजोडी पाहुण्यांच्या समोरच आणून बांधली आणि दोघांच्या पाठीवर आरशांची झूल घातली.

पाहुणा, म्हणजे मुलाचा बाप, खूश झाला. म्हणाला, "जोडी नामी आहे."

"पोटच्या लेकरासारखी ठेवलीय," खंडू म्हणाला.

तेवढ्यात येसाक्का तळणाचे तेल घेऊन आली. ती अंगणात थांबली. एका बैलाच्या खांद्यापाशी, झुलीच्या काठावर, माश्या घोंगावत होत्या. तिने तेलाची बुधली खाली ठेवली आणि सरळ जाऊन झूल वर केली. खाली जू घासून खांदा सोललेला. जखम ओली.

"खंड्या, हे लेकरू होय रे तुझं?" ती म्हणाली. "पाव्हण्यांसाठी वरून आरसे लावलेस. त्यांतल्या एकात आपलं तोंडही बघायचं होतंस."

पाहुण्याबरोबर आलेला कोणीतरी फसकन हसला. पाहुणा हसला नाही. त्याने बैलाचा खांदा बघितला, खंडूकडे बघितले, पुढ्यातले गूळपाणी संपवले आणि उठला. जाताना म्हणाला, "कळवतो."

कळवतो म्हणजे काय, हे मुलीच्या बापाला समजावून सांगावे लागत नाही.

खंडूने डोक्याचा नवा पटका काढून घोंगडीवर आपटला. "उद्या सकाळी दगड," तो बायकोला म्हणाला. "सगळ्या गावासमोर. म्हातारीचा उंबरठा उद्या भरतो."

त्याची बायको धुरपा. दिवस कलला तेव्हा ती गोठ्याकडे गेली, तर गोठ्याच्या गडग्यावर, बुटक्या दगडी भिंतीवर, एक पणती दिसली. पणतीत हळद घालून गरम केलेले तेल, वर करंजाचे पान झाकलेले. कोणी ठेवले ते विचारायची गरज नव्हती. धुरपाने ते तेल बैलाच्या खांद्याला लावले. बैलाने आधी कातडी थरथरवली, मग मान सैल सोडली.

ती घरात आली आणि म्हणाली, "अहो, राहू द्या तो दगड."

"का?"

धुरपा चुलीतली लाकडे पुढे सारू लागली.

"का राहू देऊ? तिनं माझी नाही, आपल्या चिमाची अब्रू घालवली. तुझ्या जिवाला काहीच कसं वाटत नाही?"

वाटत होते. फार वाटत होते. पण जे होते ते सांगायची रीत नव्हती.

ही चिमा जन्मली तेव्हा दिवस भरले नव्हते. इवलेसे पोर, रडायलाही जोर नाही. धुरपाची सासू वारलेली, आई दूरच्या गावी, खंडू गाडी घेऊन घाटाखाली गेलेला. धुरपा स्वतः तापाने पडलेली. सुईण म्हणाली, हे काही जगत नाही. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता दार लोटून येसाक्का आत आली, हातात कोमट तेलाची वाटी. पोराला मांडीवर घेतले आणि म्हणाली, "हे काय पोर म्हणायचं की पडवळ?" आणि चोळायला बसली. त्या दिवसापासून ती रोज आली. रोज तेल, रोज शेक, रोज नवी शिवी. पोर बाळसे धरू लागले तशी एके दिवशी म्हणाली, "आता तुझी तू बघ, मला घाणा आहे," आणि पुन्हा आली नाही.

खंडू परतला तेव्हा मूल गुटगुटीत. त्याला वाटले, मुले अशीच वाढतात. धुरपाने त्याला सांगितले नाही. आक्काच्या केल्याची माती होईल, म्हणून इतकी वर्षे ती गोष्ट तिने पोटात ठेवली.

सकाळी सारा गाव येसाक्काच्या दाराशी जमला. पाटील पुढे उभा. खंडूच्या हातात दगड. त्याने निवडून मोठा आणला होता.

येसाक्काने बैल सोडून बाहेर आणला होता. बैलाच्या पाठीवर एक वळकटी. घाण्याची लाट, तेल गाळायचा तो लाकडी दांडा, तिने पुसून भिंतीला टेकवून ठेवली होती. पुढच्या माणसाला स्वच्छ मिळावी म्हणून.

"ठेव रे लवकर," ती खंडूला म्हणाली. "ऊन चढायच्या आत मला घाट उतरायचाय. हा बैल तुझ्यासारखा धडधाकट नाही."

खंडूने गाऱ्हाणे सांगितले. पाहुण्यांसमोर कसा अपमान झाला, लग्न कसे मोडल्यात जमा आहे, सगळे सांगितले. लोकांनी माना डोलावल्या.

रीतीप्रमाणे पाटलाने विचारले, "कोणाला काही बोलायचं आहे?"

हे नुसते विचारायचे म्हणून विचारत. उत्तर कोणी कधी दिले नव्हते.

"मला बोलायचंय," धुरपा म्हणाली.

खंडूचा दगड हातातच राहिला.

"तुझंही गाऱ्हाणं आहे?" पाटलाने विचारले.

"गाऱ्हाणं नाही. चांगलं आहे."

गर्दीत कुजबुज झाली. पाटलाच्या कपाळाला आठ्या पडल्या. "धुरपे, चांगलं बोलायची आपल्यात रीत नाही. दुसऱ्याच्या केल्याची माती करणं हाही अपराधच. बोललीस तर तुझ्या दारात दगड पडेल."

"पडू दे."

आणि ती बोलू लागली. तोंड उघडल्याबरोबर सगळ्यांत मोठ्याने कोण ओरडले असेल? येसाक्काच.

"गप गं भवाने! इतकी वर्षं पोटात राहिलं ते आज बाहेर काढतेस? माझ्या केल्याची माती करतेस?"

धुरपाने डोळे पुसले, पण मागे हटली नाही. "आक्का, तुम्ही गप्प बसलात ते बरोबर केलंत. तुम्ही केलं होतं. मी का म्हणून गप्प बसू? तेल तुमच्या हातातून गेलं आणि माझ्या लेकराच्या अंगात जिरलं. ते मी सांगितलं नाही तर सांगणार कोण? तुमचा बैल?"

लोक हसले. मग हसू थांबले, कारण धुरपा सगळे सांगत होती. पडवळ म्हणाल्याचे सांगितले, कोमट तेलाचे सांगितले, रोजच्या शिव्यांचेही सांगितले. कालच्या हळदीच्या तेलाचे सांगितले. खंडू तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या घरातली गोष्ट तो गावाबरोबर पहिल्यांदा ऐकत होता.

ती थांबली.

मग देवळाचा म्हातारा गुरव काठी टेकत पुढे आला. त्याला आता अंधुक दिसे. तो म्हणाला, "माझ्या आज्याच्या तोंडून मी ही रीत ऐकली आहे. आजा म्हणायचा, 'ज्यानं केलं त्यानं बोलू नये.' एवढीच होती रीत. पुढचं आपण जोडलं."

"आपण कशाला जोडू?" पाटील म्हणाला.

"सोयीचं पडलं म्हणून," गुरव म्हणाला. "दुसऱ्यानं आपल्याला हात दिला, हे चारचौघांत सांगायला मान खाली घालावी लागते. गप्प बसलं की मान ताठ राहते. मीच सांगतो ना. माझे डोळे गेल्यापासून देवळातला दिवा हिनं लावलाय. लोक म्हणतात, म्हातारा गुरव एक दिवस चुकत नाही. मी ऐकून घेतो. ही दिवा लावते आणि जाताना म्हणते, देवाला तुझ्याहून आंधळा पुजारी मिळाला नाही का? त्या बोलण्याचा मी दगड ठेवला. दिव्याचं मात्र कधी बोललो नाही."

तो खाली वाकला. हाताने चाचपत त्याने ढिगातून आपला दगड शोधला आणि उचलला. गावात आजवर कोणी दगड उचलला नव्हता. पाटलाने अडवायला हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला.

कुंभारीण म्हणाली, "माझ्या घागरी गळतात म्हणाली, म्हणून मी दगड ठेवला. माझा नवरा अंथरुणाला खिळला तेव्हा माझी मडकी बाजाराला कोणी नेली? हिनंच. बैलावर लादून, वाटेत एकही न फोडता. आणि बाजारात ओरडत होती, 'घ्या हो घ्या, मागच्यापेक्षा कमी गळतात!' सगळी खपली."

आता लोक पोट धरून हसत होते, आणि हसता हसता डोळे पुसत होते. एक एक जण पुढे येऊन बोलू लागला आणि आपला दगड उचलू लागला. कोणाच्या आजारी गाईसाठी तिने पेंड टाकली होती. कोणाच्या गाडीचा आस रस्त्यात कुरकुरला, तर हाक मारून थांबवून वंगण घातले होते. प्रत्येकाला आपापली एकच गोष्ट माहीत होती. प्रत्येकाला वाटत होते, म्हातारीने चांगले केले ते तेवढेच. आज सगळ्या गोष्टी एका जागी आल्या, तेव्हा गावाला कळले की आपण कोणाला घाट उतरायला लावत होतो.

राहिला खंडू. दगड अजून त्याच्या हातात होता. हात भरून आले होते.

"माझा अपमान झाला तो झालाच," तो म्हणाला. "पण बैलाचा खांदा सोललेला होता. मी तो झाकला होता. आक्कानं झूल काढली. जखम माझीच होती." त्याने दगड बाजूला, रस्त्याच्या कडेला ठेवला. ढिगावर ठेवला नाही.

पाटील मात्र पाटील होता. रीत म्हणजे रीत. तो म्हणाला, "येसाक्का, तुझ्या केल्याचं धुरपानं तोंडानं काढलं. तिच्या दारात दगड ठेवायचा हक्क तुझा. ठेवतेस?"

येसाक्काच्या तोंडून पटकन शब्द फुटला नाही. गावाने असे कधी पाहिले नव्हते.

"थांबा," ती म्हणाली. "माझ्या केल्याची माती झाली का, ते आधी बघू द्या."

ती गर्दीतून चालत चिमापाशी गेली. उंच, भरल्या अंगाची मुलगी. येसाक्काने तिचा दंड दाबून बघितला, हनुवटी धरून तोंड वर केले. मग वळून म्हणाली, "नाही झाली. पडवळाचा चांगला भोपळा झालाय."

आणि ती तोंडाला पदर लावून आपल्या बैलाच्या आड गेली. ती रडली, असे मी म्हणणार नाही. वळकटी मात्र तिने स्वतःच्या हाताने खाली उतरवली.

दारातल्या ढिगातला एक दगड शेवटपर्यंत राहिला. तो न्हाव्याचा. तो म्हणाला, "माझं काही चांगलं केलेलं मला आठवत नाही. मला ती विनाकारण बोलली होती." येसाक्का म्हणाली, "खरं आहे रे. त्या दिवशी माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. राहू दे तो. तो माझाच आहे." तो दगड तिने घाण्याच्या बुडाशी पाचर म्हणून ठोकला. रोज तिच्या नजरेसमोर राहावा म्हणून.

बाकीचे दगड परत घरी न्यायला कोणी तयार होईना. तेव्हा लोकांनी ते तिच्याच दारापुढे जमिनीत बसवले. तेल सांडून तिथे चिखल होत असे, तिथे चांगली फरसबंदी झाली. खंडूचा मोठा दगड मधोमध बसला. येसाक्का दारात उभी राहून म्हणाली, "वाकडे बसवलेत. गवंडी कोण होता, गुरव?"

काही दिवसांनी नदीपलीकडचा पाहुणा परत आला. तो आधी गोठ्यात गेला. बैलाच्या खांद्यावर नवे केस उगवत होते. तो खंडूला म्हणाला, "वाटेत सगळं कानावर आलं. चूक गावासमोर कबूल करणारा व्याही आणि चांगलं सांगायला न भिणारी विहीण मला चालेल. मुहूर्त काढा." लग्नात तळण येसाक्काच्या तेलाचे झाले, आणि तिने आचाऱ्यालाही सोडले नाही.

तेव्हापासून त्या गावात गाऱ्हाण्याला दगड घेऊन आलेल्या माणसाला पाटील आधी विचारी, "ह्या माणसाचं चांगलं काय पाहिलंस, ते अगोदर सांग." माणूस उभा राहून आठवू लागे. आठवायचे म्हणजे रोज बघावे लागते. म्हणून लोक बघू लागले. कोणी कोणाच्या डोक्यावरचा भारा उतरवला, कोणी कोणाच्या म्हाताऱ्याला हात धरून ओढा ओलांडून दिला. दिसले की सांगू लागले. सांगता सांगता पुष्कळांचे दगड हातातच राहत, आणि ते दगड घेऊन लोक गावाची वाट बांधत. परका माणूस वेशीतून आत येई, तेव्हा त्याला दारात ढीग दिसत नसत. पायाखाली वाट दिसे.

आता बोध ऐका आणि घरी जा.

ज्याने चांगले केले त्याने गप्प बसावे. ज्याच्यासाठी केले आणि ज्याने पाहिले, त्याने गप्प बसू नये.